लहान शिडाच्या होडीच्या डिझेल इंजिनाला योग्य पंखा (प्रोपेलर) कसा निवडावा?

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि गेल्या दिवाळीत एक जुनी, फायबरची, २६ फुटी शिडाची होडी विकत घेतली आहे. ती जयगडच्या खाडीत नांगरलेली असते आणि महिन्यातून दोनदा मी कऱ्हाड, कुंभार्ली घाट, चिपळूण या वाटेने तिच्याकडे जातो. होडीची पाण्याच्या रेषेवरची लांबी २२ फूट असून सर्व सामानासह वजन सुमारे २,८०० किलो आहे. कील, म्हणजे तळाखालचा कणा, लांब आहे आणि पंखा सुकाणूच्या लगेच पुढे, कीलमध्ये ठेवलेल्या खाचेत बसतो.

इंजिन दोन सिलिंडरचे असून त्याच्या पाटीवर ३,६०० आरपीएमला १४ अश्वशक्ती असे लिहिले आहे, तर गिअरबॉक्सच्या पाटीवर २.६२ हे प्रमाण आहे. सध्याचा पंखा काशाचा, तीन पात्यांचा आहे आणि त्याच्या मधल्या बोंडावर १५ बाय १२ असे कोरलेले आहे, म्हणजे व्यास १५ इंच आणि पिच, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जाईल ते अंतर, १२ इंच. अडचण अशी आहे की लिव्हर पूर्ण पुढे ढकलले, तरी इंजिन २,७५० आरपीएमच्या वर जात नाही. २,५०० ओलांडले की काळा धूर सुरू होतो आणि वेग ४.९ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) पुढे सरकत नाही. होडीचा तळ मी गेल्याच महिन्यात ओहोटीला घासून स्वच्छ केला आहे, एअर फिल्टर नवा आहे आणि थंड पाण्याचा प्रवाहही चांगला आहे.

बंदरावर विचारले, तेव्हा एका जाणकाराने याहून मोठा पंखा बसवायला सांगितले आणि दुसऱ्याने तो काढून मिटणारा पंखा घेण्याचा आग्रह धरला. दोघेही समुद्रावर माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे काढलेले आहेत, पण दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकत नाही. व्यास कमी करावा की पिच, पाती दोन असावीत की तीन, आणि जुनाच पंखा मिरजेच्या एखाद्या फाउंड्रीत नमुना म्हणून देऊन नवा ओतून घेता येईल का, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. इंजिनाची मला फार काळजी वाटते, कारण ते बिघडले तर दुसरे घेण्याची माझी ऐपत नाही.

पंपघर, पलूस

आपण माहिती पूर्ण दिली आहे, त्यामुळे नेमके बोलता येईल. किर्लोस्करवाडीच्या परिसरात पंपांच्या चाचण्या घेण्यात माझी नोकरी गेली आणि नंतरची काही वर्षे मित्राच्या होडीवर रत्नागिरीला गेली, म्हणून दोन्हीकडचे थोडे ठाऊक आहे.

आपले इंजिन आज जे करते आहे, ते आपल्या भागात प्रत्येकाने पाहिले आहे. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढावर वरच्या गिअरमध्ये लावला, की तो काळा धूर सोडत गुरगुरतो, फेरे वाढत नाहीत, आणि चालक जितके जास्त डिझेल देईल तितका धूरच वाढतो. होडीला गिअर बदलण्याची सोय नसते आणि पंखा हाच तिचा एकमेव गिअर असतो. गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांनुसार डिझेल कमी-जास्त करणारी यंत्रणा, फेरे वाढवण्यासाठी डिझेल देत राहतो, पंखा फेरे वाढू देत नाही, आणि जळायला पुरेशी हवा न मिळालेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. असे इंजिन तासन्‌तास चालवले, तर एक्झॉस्टचे तापमान वाढून व्हॉल्व्ह जळतात आणि पिस्टनच्या रिंगा कार्बनने चिकटतात. म्हणून पहिली कसोटी एकच आहे: तळ स्वच्छ असताना, नेहमीचे वजन घेऊन, शांत पाण्यात लिव्हर पूर्ण पुढे केल्यावर इंजिनाने पाटीवरचा आकडा, म्हणजे आपल्या बाबतीत ३,६००, किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा गाठला पाहिजे. तो गाठत नसेल तर पंखा जड आहे, आणि सहज ओलांडत असेल तर पंखा हलका आहे.

बंदरावरच्या पहिल्या जाणकाराचा सल्ला त्यांच्या होडीसाठी बरोबर आहे. मासेमारीच्या ट्रॉलरला पाण्यातून जाळे ओढायचे असते, वेग दोन-तीन नॉटचा असतो, इंजिन मोठे आणि संथ असते, तेथे मोठ्या व्यासाचा पंखा हळू फिरवणेच फायद्याचे असते. आपल्या लहान, भरभर फिरणाऱ्या इंजिनाला तोच न्याय लावला, की आजच्यासारखी गत होते.

आता हिशोब पाहू. ३,६०० भागिले २.६२ म्हणजे पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचे मिनिटाला फेरे १,३७४ होतात. २२ फूट लांबीच्या होडीचा नैसर्गिक कमाल वेग, लांबीचे वर्गमूळ गुणिले १.३४ या जुन्या नियमाने, ६.३ नॉट येतो, म्हणून आपण ६ नॉट धरू. ६ नॉट म्हणजे मिनिटाला १८५ मीटर, आणि त्याला १,३७४ ने भागले की प्रत्येक फेऱ्याला होडी साडेतेरा सेंटिमीटर, म्हणजे ५.३ इंच पुढे जाते. पंखा घन पदार्थात शिरणाऱ्या स्क्रूसारखा चालत नाही, तो पाण्यात घसरतो, आणि या वेगाच्या शिडाच्या होड्यांमध्ये ही स्लिप जवळपास निम्मी असते. त्यामुळे पिच ५.३ च्या दुप्पट, म्हणजे साडेदहा इंचांच्या आसपास हवी. आपल्या आजच्या आकड्यांवरून स्लिप काढली तर ती ५३ टक्के येते, म्हणजे हा अंदाज हवेतला नाही. चौदा अश्वशक्ती आणि हे फेरे धरून तीन पात्यांचा व्यास प्रचलित सूत्राने १४ इंचांच्या जवळ येतो.

दुसऱ्या बाजूने पडताळा घेऊ. एकाच घडणीच्या पंख्यांनी ओढलेली ताकद व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलते. १५ चा १४ इंच केला, तर तेवढ्याच फेऱ्यांना लागणारा भार सुमारे ३० टक्के उतरतो आणि इंजिनाचे फेरे १८-१९ टक्के वर जातात. पिच एक इंच कमी केल्यास फेरे साधारण ५ ते ६ टक्के वाढतात. यावरून आपल्या लक्षात येईल की व्यासातला एक इंच हा पिचच्या तीन इंचांच्या तोडीचा असतो. २,७५० वरून ३,६०० गाठायचे तर व्यास एक इंच आणि पिच दोन इंच कमी करावी लागेल, म्हणजे १४ बाय १०.

मात्र हा आकडा घेऊन लगेच पंखा मागवू नये. सगळा हिशोब २,७५० या आपल्या मीटरच्या आकड्यावर आणि बोंडावर कोरलेल्या १५ बाय १२ वर उभा आहे, आणि जुन्या होडीत या दोन्हींवर माझा विश्वास नाही. होडीतला आरपीएम मीटर बहुधा अल्टरनेटरवरून आकडा घेतो, त्याची पुली कोणी बदलली असेल तर तो वर्षानुवर्षे चुकीचे सांगत राहतो. पंपांच्या दुरुस्तीच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर असतो. तो एक दिवसासाठी घ्या, क्रँकच्या पुलीला पांढरी पट्टी चिकटवा आणि खरे फेरे मोजा. त्याच वेळी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन ३,६०० च्या वर जाते का, तेही बघा. तेथेच अडत असेल तर दोष पंख्याचा नसून लिव्हरच्या केबलचा किंवा डिझेलच्या पुरवठ्याचा आहे. वेग जीपीएसवर भरतीच्या दिशेने आणि तिच्याविरुद्ध असा दोन्हीकडून मोजून सरासरी घ्या.

पिच मोजणेही घरी जमते. पंखा काढून सपाट टेबलावर ठेवा, मध्यापासून त्रिज्येच्या सात दशांश अंतरावर, म्हणजे आपल्या पंख्याला सव्वापाच इंचांवर, पात्यावर कंस आखा. त्या कंसावर ठरावीक कोनाच्या अंतराने दोन खुणा करा आणि प्रत्येक खुणेची टेबलापासून उंची घ्या. ४५ अंशांच्या अंतरात उंचीचा फरक दीड इंच आला, तर पूर्ण ३६० अंशांत तो आठपट, म्हणजे बारा इंच होईल, आणि तीच पिच. तिन्ही पात्यांवर हे करा, कारण एखादे पाते वेगळे निघते.

खाडीकिनारा, सध्या सातारा

पंपघर यांच्या विवेचनात भर घालण्यासारखे इंजिनाच्या बाजूने काही उरलेले नाही, पण ही होडी शिडाची आहे, हे विसरून चालणार नाही. इंजिन बंद करून शीड उभारले, की तोच पंखा पाण्यात ओढला जाणारा अडथळा बनतो, आणि मंद वाऱ्यात तीन रुंद पात्यांचा हा अडथळा स्पष्ट जाणवतो. लहान होडीवर माझे बालपण हर्णैला गेले आणि वल्ह्यावरून इंजिनावर येताना पहिली तक्रार आम्ही याचीच केली होती.

दोन पात्यांच्या पंख्याचा मोठा गुण असा, की आपल्यासारख्या लांब कीलच्या होडीत तो उभा थांबवला तर कीलच्या सावलीत लपतो आणि अडथळा फारच कमी होतो. त्यासाठी पाती उभी असताना शाफ्टवर, होडीच्या आतून दिसेल अशा जागी रंगाची खूण करून ठेवतात. पण त्याचे मोलही द्यावे लागते. तेवढीच ताकद दोन पात्यांनी पाण्याला द्यायची तर व्यास सुमारे ५ टक्क्यांनी वाढवावा लागतो, म्हणजे १४ च्या जागी पुन्हा पावणेपंधरा इंच. दोन्ही पाती एकाच क्षणी कीलमागच्या मंद पाण्यातून जातात, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला धक्का बसतो आणि होडी थरथरते. शिवाय मागे घेताना, विशेषतः जेटीला लागताना, तीन पाती अधिक खात्रीने थांबवतात.

पात्याचे टोक आणि खाचेची वरची कड यांत किती अंतर आहे, हे आपण लिहिलेले नाही. ते व्यासाच्या किमान १० टक्के, शक्यतो १५ टक्के असावे, नाहीतर प्रत्येक पाते तळाखालून जाताना पाण्याचा ठोका बसतो आणि केबिनमध्ये तो ऐकू येतो.

मिटणारा पंखा हा उत्तम शोध आहे, परंतु त्याची पाती मागच्या बाजूला मिटतात आणि त्यासाठी पंख्यामागे मोकळी जागा लागते. आपला पंखा खाचेत आणि लगेच मागे सुकाणू, म्हणजे पाती सुकाणूवर आपटतील. दुसऱ्या जाणकारांनी आपली होडी पाण्याबाहेर पाहिली नसावी. पाती जागच्या जागी वळून प्रवाहाशी समांतर होणारे पंखेही मिळतात आणि ते खाचेत बसू शकतात, पण त्यांची किंमत पाहता या होडीला आणि इंजिनाला तो खर्च मी सुचवणार नाही.

माझे मत असे आहे: आपण जयगडला असता, तेथे खाडीच्या मुखाशी ओहोटीचा जोर मोठा असतो, आणि वारा पडल्यावर परत आत यायचे असते. तेथे इंजिनाची खात्री अर्धा नॉट वेगापेक्षा मोलाची आहे. तीन पाती ठेवावीत. शिडावर असताना पंखा फिरू द्यावा की अडवून ठेवावा, यासाठी मात्र गिअरबॉक्सची पुस्तिका पाहावी. मोकळा फिरणारा पंखा अडवलेल्यापेक्षा कमी ओढ देतो, पण काही गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना दीर्घकाळ फिरणे चालत नाही, कारण त्यांच्या आत तेल पोहोचत नाही.

बामणोलीची वाट, सातारा

एक पुरवणी मुद्दा, कारण ही होडी कधी घाटावरच्या जलाशयात आणण्याचा विचार कोणी केला, तर उपयोगी पडेल. आमच्याकडे शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याकडे आणि तापोळ्याकडे होड्या जातात. हे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावते, म्हणजे येथे सहा-साडेसहा टक्के. दुसऱ्या बाजूला गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी हलके असल्याने पंख्याला तेवढाच कमी जोर लागतो. दोन्हींची वजाबाकी केली, तर समुद्रावर अचूक बसलेला पंखा येथे सुमारे चार टक्के जड पडतो, फेऱ्यांत हा फरक दोन टक्के, म्हणजे सत्तर-ऐंशी आरपीएम. तेवढ्यासाठी पंखा बदलण्याची गरज नाही, पण समुद्रावरच जो जड आहे, तो वर आणल्यावर अधिक धूर काढील. शिवाय गोड्या पाण्यात, इतर धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारा जस्ताचा अ‍ॅनोड काम करत नाही, तेथे मॅग्नेशियमचा लागतो.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण आधी मोजायचे आणि मगच लिहायचे असे ठरवले होते.

पंपघर यांचा संशय खरा ठरला. सांगलीतल्या एका पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून टॅकोमीटर नेला. होडीचा मीटर २,७५० दाखवत असताना खरे फेरे २,९०० होते. न्यूट्रलमध्ये इंजिन ३,८०० च्या जवळ विनातक्रार जाते. दोन्ही दिशांनी मोजलेला सरासरी वेग ४.९ नॉटच आला. त्यानंतर मोठ्या ओहोटीला होडी किनाऱ्याला टेकवून पंखा काढला आणि घरी आणून जेवणाच्या टेबलावर मोजला. दोन पात्यांची पिच बारा इंच भरली, तिसऱ्याची साडेअकरा. व्यास बरोबर १५ इंच आहे. पात्याच्या टोकापासून खाचेच्या कडेपर्यंत दीड इंच जागा आहे. तिसऱ्या पात्याच्या कडेला एक जुना टवका उडालेला आहे आणि तेथे धातू पिवळा नसून गुलाबी दिसतो. शाफ्ट पंचवीस मिलिमीटरचा आहे.

आता १४ बाय १० हा आकडा बदलेल का? आणि हाच पंखा लेथवर कमी करून वापरावा की नवा घ्यावा?

पंपघर, पलूस

आकडा बदलतो, आणि याच कारणासाठी मी थांबायला सांगितले होते. आता २,९०० वरून ३,६०० गाठायचे आहेत, म्हणजे २४ टक्के वाढ हवी. व्यास एक इंच कमी करण्याने १९ टक्क्यांच्या जवळ मिळते आणि फेरे ३,४५० च्या आसपास जातात. पिच एक इंच कमी केली की ३,६४० होतात. म्हणून १४ बाय ११. आधीचा १४ बाय १० आपण घेतला असता, तर इंजिन गव्हर्नरच्या मर्यादेला जाऊन अडले असते आणि हाती असलेली ताकद पाण्यात पोहोचलीच नसती. स्लिपच्या हिशोबाने साडेदहा इंच येत होते, तेव्हा अकरा त्याच्याशी सुसंगत आहे. टोकाशी दोन इंच जागा राहील, ती व्यासाच्या १४ टक्के होते, तीही समाधानकारक आहे.

योग्य पंख्यावर आपण नेहमी ३,६०० ने चालणार नाही. ८० टक्के फेऱ्यांवर, म्हणजे २,९०० च्या जवळ, पंखा कमाल ताकदीच्या निम्मीच ओढतो, कारण ती फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने बदलते. आज त्याच २,९०० फेऱ्यांवर इंजिन पूर्ण दमलेले असते, पुढे तेथेच ते आरामात चालेल.

फाउंड्री लाइन, मिरज

पंपांचे इम्पेलर ओतणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून धातूबद्दल लिहितो. टवक्यातला गुलाबी रंग ही वाईट खूण आहे. ज्याला बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणतात, तो प्रत्यक्षात जस्ताचे मोठे प्रमाण असलेला पितळेचा प्रकार आहे. अ‍ॅनोड संपल्यावर खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त विरघळून जाते आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरते. असा पंखा लेथवर लावून वापरू नये. पाते फेऱ्यात तुटले तर असंतुलित शाफ्ट बेअरिंग आणि सील दोन्ही घेऊन जातो. जपून ठेवायचा तर केवळ मापासाठी ठेवा.

तो नमुना म्हणून देऊन नवा ओतण्याबद्दल विचारले होते. आमचाच धंदा असूनही मी नको म्हणेन. काशाचे ओतकाम थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसते, म्हणजे १५ इंचाचा पंखा पावणेपंधरा इंचांचा होऊन निघेल, पाती पातळ होतील, आणि तिसऱ्या पात्याची अर्ध्या इंचाची चूक तशीच नव्यात उतरेल. पात्यांची पिच तपासण्याची व्यवस्था ज्याच्याकडे आहे, अशा पंखे बनवणाऱ्याकडूनच १४ बाय ११ घ्यावा, आणि मिळत असेल तर अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा घ्यावा, त्याला जस्त जाण्याची भीती नसते. फिरण्याची दिशा सांगायला विसरू नये: होडीच्या मागे उभे राहून पुढे बघताना, पुढे जाण्याच्या गिअरमध्ये पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर तो उजवा. अ‍ॅनोड नवा लावा. खाडीच्या मचूळ पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड जस्तापेक्षा बरा चालतो.

मागवण्याआधी शाफ्टचा निमुळता भाग, म्हणजे टेपर, मोजणे अत्यावश्यक आहे. पंचवीस मिलिमीटर म्हणून सोडून देऊ नका, कारण मिलिमीटरच्या शाफ्टना साधारणपणे १:१० आणि इंचाच्या शाफ्टना १:१६ टेपर असतो, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर असल्याने दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. टेपरवर ५० मिलिमीटर अंतराने व्हर्निअरने दोनदा व्यास घ्या. फरक ५ मिलिमीटर आला तर १:१०, तीनच्या किंचित वर आला तर १:१६. नवा पंखा आल्यावर शाफ्टला निळा रंग पातळ लावून, किल्ली, म्हणजे शाफ्ट आणि बोंड यांच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी, न घालता तो हाताने बसवा आणि काढून बघा. बोंडाच्या आत रंग चहूकडे सारखा लागला पाहिजे. एकाच टोकाला कडे उमटले तर टेपर जुळत नाही, आणि असा पंखा नट कितीही आवळला तरी किल्लीवरच भार टाकत राहतो. रंग सारखा लागल्यावर बोंड शाफ्टवर कोठपर्यंत आले, तेथे बारीक खूण करा, मग किल्ली घालून पंखा पुन्हा चढवा. या वेळी बोंड त्या खुणेपर्यंत पोहोचले नाही, तर ते टेपरवर नव्हे, किल्लीच्या डोक्यावर बसले आहे असे समजा आणि किल्ली वरून कानसने उतरवा.